कोअर काढण्याआधी

मुंबईच्या उपनगरातली इमारत तिशी ओलांडते आणि तिच्यामागे स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. महापालिका कायद्याचं कलम ३५३-ब तसं सांगतंच, पण कलम नसतं तरी जिन्यातल्या स्लॅबचा पोपडा कोणाच्या तरी डोक्यात पडल्यावर ते झालंच असतं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत इंजिनिअर आला, आधी नुसता फिरून भेगा बघून गेला. मग रिबाउंड हॅमर घेऊन माणूस आला. पिलरवर हातोडी मारायची आणि ती किती उसळते ते मोजायचं. मग यूपीव्ही. काँक्रीटच्या एका बाजूनं ध्वनिलहर सोडायची, दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोचते ते पाहायचं. आत पोकळी असली की लहर वळसा घालते आणि उशिरा येते. इथवर कोणाची हरकत नव्हती. भांडण लागलं ते कोअर टेस्टवरून. त्यात पिलरमध्ये ड्रिल घालून काँक्रीटची कांडी बाहेर काढतात आणि लॅबमध्ये दाबून फोडून तिची ताकद मोजतात. काँक्रीट थेट हातात येतं ते त्यातच. पण "बऱ्या पिलरला भोक कशाला पाडायचं?" हा तळमजल्यावरच्या काकांचा प्रश्नही वेडगळ नव्हता.

काकांच्या शर्टाच्या खिशात त्या दिवशी तोच प्रश्न घडी घालून ठेवलेला होता, फक्त पिलर त्यांचा स्वतःचा होता. वय ५८, मधुमेह बारा वर्षांचा. स्टेशनचा पूल चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं, वर पोचून दोन मिनिटं उभं राहिलं की जायचं. ट्रेडमिलचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला होता. घाटकोपरच्या एका डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून घ्या म्हटलं, अंधेरीच्या दुसऱ्यांनी आधी सीटी अँजिओ करा म्हटलं. दोन्ही नावांत अँजिओ, दोन्हींत डाय (धमनी चित्रात उठून दिसावी म्हणून रक्तात सोडतात ते द्रव्य), दोन्हींत क्ष-किरण. मग फरक कशाचा? त्यांनी मला कागद दाखवला तो मी डॉक्टर आहे म्हणून नव्हे, मी असल्या विषयांवर लिहितो म्हणून. त्यांना सांगितलं ते आणि सांगायचं राहिलं ते, असं.

हृदय दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावतं आणि अख्ख्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन करोनरी धमन्यांतून. डावीचा बुंधा म्हणजे 'लेफ्ट मेन'. तो थोड्याच अंतरावर दुभंगतो. पुढून खाली उतरते ती एलएडी, मागे वळसा घालते ती सर्कमफ्लेक्स. उजवी ती आरसीए. बुंध्याचा व्यास चारेक मिलिमीटर, म्हणजे शाळेच्या पेन्सिलीहून बारीक, आणि पुढे फांद्या निमुळत्या होत जातात. एवढ्या बारीक नळ्या, त्याही सतत हलणाऱ्या. त्यांचं स्पष्ट चित्र कसं काढायचं, या एका अडचणीतून सगळ्या चाचण्या निघाल्या आहेत.

त्यातली शरीरात शिरणारी वाट आधी सापडली. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरानं स्वतःच्या कोपरापाशी शीर उघडून मूत्रमार्गासाठीची एक लांब नळी आत सरकवली, आणि ती तशीच दंडात घेऊन जिने उतरत तो क्ष-किरण विभागात गेला. नळीचं टोक हृदयात पोचल्याचं त्यानं चित्रात दाखवलं. वरिष्ठांनी कौतुक करायचं सोडून त्याला झापलं; नोबेल मिळालं ते १९५६ मध्ये, दोन अमेरिकी संशोधकांबरोबर वाटून. तरी करोनरी धमनीत थेट डाय सोडायची हिंमत कोणी करत नव्हतं, कारण तसं केलं तर हृदय थांबेल अशी सगळ्यांची खात्री होती.

ती खात्री मोडली एका चुकीनं. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स हे डॉक्टर एका २६ वर्षांच्या तरुणाच्या महाधमनीचं चित्र घेत होते. डाय सोडताना कॅथेटरचं, म्हणजे आत सरकवलेल्या नळीचं, टोक सरकून उजव्या करोनरी धमनीच्या तोंडात अडकलेलं होतं. सगळी डाय तिथेच गेली. हृदय थांबलं. छाती उघडावी लागणार म्हणून सोन्स धावले, मग सुचलं म्हणून त्यांनी रुग्णाला ओरडून खोकायला सांगितलं. तो तीन-चार वेळा खोकला, डाय पुढे ढकलली गेली आणि ठोके पुन्हा सुरू झाले. माणूस वाचला, आणि पडद्यावर करोनरी धमनीचं एवढं स्वच्छ चित्र उमटलं जेवढं कोणी आधी पाहिलं नव्हतं. पुढे १९६७ मध्ये मेल्व्हिन जडकिन्स यांनी मांडीच्या धमनीतून जाणारे, टोकाला आधीच वळण दिलेले कॅथेटर आणले. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी त्याच वाटेनं फुगा नेऊन अरुंद जागा रुंद करणारी पहिली अँजिओप्लास्टी केली. त्या दिवसापासून ही तपासणी नुसती तपासणी राहिली नाही, दुरुस्तीचं दारही झाली. या मुद्द्याकडे परत यायचं आहे.

एकेकाळी छातीचं काही असलं की उपनगरातल्या माणसाला परळ गाठावं लागे. केईएम रुग्णालय तिथलं, आणि १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचं प्रत्यारोपणही तिथेच करून पाहिलं होतं. आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या सगळ्या पट्ट्यात कॅथलॅब, म्हणजे कॅथेटरनं तपासणी-दुरुस्ती करण्याच्या खोल्या, आहेत. अंधेरीत चार बंगल्याला कोकिलाबेन रुग्णालय २००९ साली उभं राहिलं, आणि सेनांच्या प्रयत्नानंतर मुंबईतलं हृदय प्रत्यारोपण पुन्हा झालं ते ऑगस्ट २०१५ मध्ये, मुलुंडच्या फोर्टिसमध्ये, पुण्याहून आणलेल्या हृदयाचं. जवळपास सोय झाली की निर्णयही लवकर होतात. हे चांगलंच आहे, पण निर्णय लवकर झाला म्हणून तो बरोबरच असतो असं नाही.

आजची अँजिओग्राफी बहुतेक वेळा मनगटातून होते. ही वाट कॅनडातल्या लुसियाँ कांपो यांनी १९८९ मध्ये दाखवली. मनगट सुन्न करतात, दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं आवरण धमनीत बसवतात आणि त्यातून कॅथेटर खांद्यावरून वळवून महाधमनीच्या मुळाशी नेतात. रुग्ण जागा असतो. डाय सोडली की मशीन वेगवेगळ्या कोनांतून हलतं चित्र टिपतं. सगळं वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतं, मनगटावर पट्टा बांधतात आणि पुष्कळांना त्याच संध्याकाळी घरी सोडतात. मांडीतून केली तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं.

धोका आहे, पण त्याचा बाऊ नको. जिवावर बेतण्याचं प्रमाण हजारात एक किंवा त्याहून कमी. झटका, पक्षाघात, धमनीला इजा, मोठा रक्तस्राव हे सगळं धरून गंभीर त्रास शंभरात एक-दोघांना. फायदा असेल तिथे हा धोका काहीच नाही. मात्र ज्याला मुळात काही झालेलंच नाही, त्याच्यासाठी तो उगाच आहे. असे लोक किती असतात? अमेरिकेत सुमारे चार लाख लोकांच्या, आधीपासून ठरवून केलेल्या अँजिओग्राफींचा हिशोब २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात मोठा अडथळा सापडला तो जेमतेम ३८ टक्क्यांत. म्हणजे दर पाच पिलरना भोकं पाडली आणि तीन धड निघाले.

आता या चाचणीचं खरं मर्म. कॅथेटरमधून सोडलेली डाय धमनीच्या पोकळीत भरते आणि चित्रात दिसते ती त्या पोकळीची सावली. धमनीची भिंत दिसत नाही. गाळ किती साचलाय ते पाण्याच्या पात्राच्या रुंदीवरून ओळखायचं, असा प्रकार. हे चालून गेलं असतं, जर धमनी पिलरसारखी किंवा जुन्या इमारतीतल्या जीआय पाइपसारखी कडक असती. ती तशी नसते. शिकागोचे सीमोर ग्लागोव्ह यांनी १९८७ साली मृत व्यक्तींच्या धमन्या कापून पाहिल्या आणि दाखवलं की भिंतीत चरबी साचू लागली की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. साठा बराच मोठा होईपर्यंत आतली पोकळी जवळपास जशीच्या तशी राहते. म्हणजे सावली नॉर्मल, भिंत मात्र भरलेली. वर आणखी पंचाईत अशी की हार्ट अटॅक पुष्कळदा त्या सर्वांत अरुंद जागी येतच नाही. मध्यम, मऊ, चरबीनं गच्च असा एखादा साठा फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काल ज्या धमनीत ४० टक्के अडथळा होता ती आज पूर्ण बंद होते. 'परवाच तर रिपोर्ट नॉर्मल होता' असली शोकसभेतली वाक्यं इथून येतात.

कॅथलॅबमध्येही भिंत पाहण्याची सोय आहे. धमनीच्या आत जाणारा अल्ट्रासाऊंडचा प्रोब असतो, आणि प्रकाशाच्या परावर्तनावर चालणारी ओसीटी तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बारकावे दाखवते. पण त्यांचा उपयोग प्रामुख्यानं स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, नीट बसवण्यासाठी होतो. साध्या तपासणीत त्या सहसा वापरत नाहीत.

सीटी अँजिओ या बाबतीत वेगळी पडते. मनगटाला हात लावायचा नाही. दंडाच्या शिरेतून ६० ते ८० मिलिलिटर डाय सोडायची, ती फुप्फुसांतून फिरून डाव्या हृदयात आणि तिथून करोनरी धमन्यांत येण्याचा क्षण गाठायचा आणि त्या क्षणी फिरत्या क्ष-किरण नळीनं चित्रं घ्यायची. सीटीचं मूळ यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना त्यासाठी १९७९ मध्ये नोबेल मिळालं, पण त्यांच्या यंत्राला मेंदूसारखा निवांत पडलेला अवयव लागायचा. हलत्या हृदयाचं चित्र काढायचं तर ठोक्यांमध्ये क्षणभर येणारी शांतता पकडावी लागते. म्हणून छातीला ईसीजीच्या तारा लावतात आणि हृदय सैल पडलेलं असतानाच चित्र घेतात. ठोके मिनिटाला ६० असले तर ही शांत खिडकी पुरेशी मोठी. ९० झाले की ती इतकी अरुंद होते की चित्र पुसट येतं. म्हणून सेंटरवर गेल्या गेल्या ठोके कमी करणारी गोळी देतात आणि तासभर बसवून ठेवतात. लोकांना वाटतं उगाच रखडवतायत. ऐन वेळी जिभेखाली नायट्रोग्लिसरिनचा फवारा मारतात, त्यानं धमन्या थोड्या रुंदावतात आणि नीट दिसतात. डाय जाताना अंगभर ऊब पसरते. मग श्वास रोखायचा, पाच-दहा सेकंद, झालं.

'६४ स्लाइस' हा शब्द आपल्याकडे पंख्याच्या ब्रँडसारखा रुळलाय. त्याचा अर्थ इतकाच की यंत्र एका फेरीत ६४ पातळ काप घेतं, म्हणजे साधारण चार सेंटिमीटर उंचीचा पट्टा. अख्खं हृदय टिपायला तीन-चार फेऱ्या आणि तितके ठोके लागतात. ३२० ओळींचं यंत्र अर्ध्या मिलिमीटरचे काप घेत सोळा सेंटिमीटर एकदम झाकतं, एका ठोक्यात काम संपतं. ठोके अनियमित असलेल्या माणसाला याचा फायदा होतो. तरी यंत्रापेक्षा ते चित्र कोण वाचतो, याला महत्त्व जास्त.

सीटीत भिंत दिसते. मऊ चरबी काळपट, कॅल्शियम पांढरंशुभ्र. डाय न देता नुसतं कॅल्शियम मोजायची पद्धत १९९० साली आर्थर अ‍ॅगॅट्स्टन यांनी बसवली. हेच गृहस्थ पुढे 'साउथ बीच डाएट' लिहून जास्त प्रसिद्ध झाले. त्यांच्या नावचा स्कोअर शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका बहुधा कमी. पण चाळिशीच्या आतल्या माणसानं शून्यावर फार विसंबू नये, कारण कॅल्शियम म्हणजे जुन्या जखमेवरची खपली. साठा ताजा असेल तर त्यात ते अजून आलेलंच नसतं. आपल्यासाठी ही सूचना जास्त लागू आहे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातून दक्षिण आशियाची आकडेवारी नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वेगळी मांडली. पहिल्या हार्ट अटॅकचं आपलं सरासरी वय निघालं ५३, बाकीच्या देशांचं जवळपास ५९.

सीटीची खोट कुठे? हेच कॅल्शियम. ते चित्रात स्वतःच्या आकाराहून फुगून दिसतं, आणि ४० टक्क्यांचा अडथळा ७० वाटू शकतो. म्हातारा, जुना मधुमेही, धमन्या चुनाळलेला रुग्ण असेल तर सीटीचं उत्तर धूसर येतं आणि शेवटी कॅथलॅब गाठावीच लागते, म्हणजे डाय दोनदा आणि खर्च दोनदा. जुना बारीक स्टेंट आतून कसा आहे हेही नीट कळत नाही. बायपासच्या नळ्या मात्र छान दिसतात. सीटी 'नाही' म्हणते तेव्हा तिच्यावर निर्धास्त विश्वास ठेवावा. 'आहे' म्हणते तेव्हा 'किती?' असं पुन्हा विचारावं.

इथवर सगळी चर्चा आकाराची झाली. पण पूल चढताना काकांच्या छातीत दुखतं ते आकारामुळे नव्हे, स्नायूला रक्त कमी पडतं म्हणून. ६० टक्के अरुंद झालेली एखादी धमनी सगळं रक्त नीट पोचवत असते आणि दुसरी तेवढीच अरुंद धमनी पोचवत नसते. हे तपासणाऱ्या चाचण्यांचं घराणं वेगळं. ट्रेडमिल त्यातली सर्वांत जुनी आणि स्वस्त. दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढवायचा हा क्रम रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ च्या सुमारास बसवला, आणि आजही बोरिवलीपासून बदलापूरपर्यंत तोच चालतो. तिच्यात चित्र काहीच नसतं, फक्त ईसीजी. त्यामुळे ती चुकतेही, विशेषतः बायकांमध्ये खोटा 'पॉझिटिव्ह' बराच येतो. स्ट्रेस इकोत व्यायामानं किंवा डोब्युटामिन देऊन हृदय पळवतात आणि भिंतीचा कुठला भाग आळसावतो ते सोनोग्राफीवर पाहतात. किरणोत्सर्ग शून्य, पण पाहणाऱ्याचा डोळा तयार हवा. एमआरआयही हे काम उत्तम करतो, मात्र त्याची सोय कमी ठिकाणी आहे.

आणि 'थॅलियम'. नाव थॅलियमचं, पण आता बहुतेक ठिकाणी वापरतात ते टेक्नेशियम. ही गोष्ट मुंबई-नवी मुंबईची आहे म्हणून जरा रेंगाळतो. टेक्नेशियम-९९एम दर सहा तासांनी निम्मं होतं, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. त्याची आई म्हणजे मॉलिब्डेनम-९९, ६६ तासांत निम्मं होणारं. अणुऊर्जा विभागाची वाशीची 'ब्रिट' संस्था मॉलिब्डेनम भरलेले जनरेटर रुग्णालयांना देते. रोज सकाळी त्यातून टेक्नेशियम काढून घेतात, मराठीत म्हणायचं तर गाय दोहतात. इंग्रजीतही ते अगदी असंच म्हणतात. भारतातल्या अणुवैद्यकाच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एकही इथलंच, १९६३ मध्ये परळला स्थापन झालेलं रेडिएशन मेडिसिन सेंटर. चाचणीत हे टेक्नेशियम शिरेतून देऊन विश्रांतीत एकदा आणि ताणाखाली एकदा अशी चित्रं घेतात. जिथे रक्त पोचलं तो स्नायू उजळतो, जिथे नाही पोचलं तो काळोखात राहतो. या चाचणीचा एक सापळा आहे. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळाच स्नायू सारखाच अंधुक दिसतो आणि चित्र नॉर्मल वाटतं. तुलनेला उजेड कुठेच नसतो.

किरणोत्सर्गाचा हिशोब मिलिसिव्हर्टमध्ये करतात. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतं. कॅल्शियम स्कोअरचं एकाच्या आसपास, चांगल्या यंत्रावरच्या सीटी अँजिओचं बहुधा दोन ते पाच, नेहमीच्या अँजिओग्राफीचं साधारण पाच-सात, टेक्नेशियमच्या चाचणीचं दहाच्या घरात. या यंत्रांना परवाने देणारं, १९८३ मध्ये स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तीनगरातच आहे. आकडे घाबरण्यासारखे नाहीत, पण दर वर्षी 'चेकअप पॅकेज' म्हणून सीटी अँजिओ करून घेणाऱ्यांनी ते वाचावेत. डायचं म्हणाल तर ती दोन्ही अँजिओंत मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. म्हणून आधी क्रिएटिनिन तपासायचं आणि मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं.

एक गैरसमज इथेच निकालात काढतो, कारण तो मला दर लग्नकार्यात भेटतो. "टूडी इको नॉर्मल आला, म्हणजे ब्लॉकेज नाही." नाही हो. टूडी इकोत हृदयाच्या भिंती, झडपा आणि पंपाची ताकद दिसते. करोनरी धमन्यांमधला अडथळा त्यात दिसत नाही. ९० टक्के बंद धमनी असलेल्या माणसाचा, आराम करताना काढलेला इको अगदी साळसूद असू शकतो.

आकार आणि परिणाम यांची गाठ कॅथलॅबमध्येही घालता येते. नेदरलँड्सचे निको पेल्स यांनी रूढ केलेल्या एफएफआरमध्ये दाब मोजणारी बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात. पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा खरा, नाहीतर औषधावर भागतं. डोळ्यांनी '७० टक्के' वाचलेले कित्येक अडथळे या तारेपुढे निरुपद्रवी निघतात. आता सीटीच्या चित्रांवर संगणकानं गणित करूनही असा आकडा काढतात.

मग पहिली कोणती? युरोपातल्या २६ केंद्रांत साडेतीन हजारांवर लोकांना घेऊन झालेली 'डिस्चार्ज' चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळे काकांसारखे, म्हणजे छातीत दुखतं पण स्थिर आहेत, आजार असण्याची शक्यता मधली. अर्ध्यांची आधी सीटी, अर्ध्यांची थेट अँजिओग्राफी. साडेतीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू सीटी गटात २.१ टक्के, दुसऱ्यात ३.०, संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हा फरक ठोस नाही. तपासणी आणि तिच्यामागून आलेल्या उपचारांतून उद्भवलेले गंभीर त्रास मात्र ०.५ विरुद्ध १.९ टक्के. त्याआधी २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या 'स्कॉट-हार्ट'मध्ये ४,१४६ लोकांपैकी ज्यांची नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी झाली, त्यांच्यात पाच वर्षांत हार्ट अटॅक किंवा त्यानं मृत्यू २.३ टक्के, बाकीच्यांत ३.९. कारण गमतीशीर आहे. सीटी गटात अँजिओप्लास्टी जास्त झाल्या नव्हत्या. भिंतीतला साठा चित्रात दिसल्यामुळे स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन जास्त लोकांना सुरू झालं होतं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०१६ पासूनच अशा रुग्णांसाठी सीटीला पहिली जागा दिली आहे.

दार उघडं असल्याचा मुद्दा आता. कॅथेटर आत असताना अडथळा दिसला की तो उघडावासा वाटणं स्वाभाविक आहे. टेबलावर रुग्ण, बाहेर घाबरलेले नातेवाईक, "आत्ताच करून टाकू का, तासाभरात सांगा." स्थिर रुग्णाच्या बाबतीत ही घाई सहसा लागत नाही. ३७ देशांतल्या, भारतासह, ५,१७९ रुग्णांची 'इस्किमिया' चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. स्थिर पण बऱ्यापैकी रक्तपुरवठा कमी पडणाऱ्या या लोकांत आधीच अँजिओ करून स्टेंट वा बायपास करणं आणि औषधांवर ठेवून गरज पडल्यास करणं, यांत मृत्यू आणि हार्ट अटॅकचा एकूण फरक सव्वातीन वर्षांत दिसला नाही. छातीचं दुखणं मात्र स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं. लेफ्ट मेनचा आजार असलेल्यांना यात घेतलंच नव्हतं, आणि तो नाही याची खात्री बहुतेकांत सीटीनंच केली होती. पैशांचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, त्याआधी तो लाखाच्या वर जायचा. मेडिक्लेमचं गणित अजून तिरकं आहे. अनेक पॉलिसींच्या डे-केअर यादीत अँजिओग्राफी असते, सीटी अँजिओ मात्र बाह्यरुग्ण तपासणी म्हणून खिशातून करावी लागते. म्हणजे विम्याच्या दृष्टीनं भोक पाडणं फुकट आणि हातोडी मारून पाहणं विकत. रिडेव्हलपमेंटसाठी आतुर बिल्डरनं पाठवलेल्या ऑडिटरकडे सोसायटी जशी दोनदा बघते, तसं इथेही बघायला हरकत नाही. ठकवलं जातंय असं म्हणायचं नाही. कोणत्या बाजूला उतार आहे तेवढं माहीत असावं.

हे सगळं स्थिर रुग्णाचं. बसल्या जागी छातीत दुखतंय, घाम फुटलाय, वीस मिनिटं झाली तरी थांबत नाही, तिथे सीटीचं नावही काढू नये. ईसीजीत मोठा झटका दिसला तर थेट कॅथलॅब. रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांत धमनी उघडायची असते, आणि संध्याकाळच्या घाटकोपर-अंधेरी रस्त्यावर त्यातला एकही मिनिट वाया घालवण्याजोगा नसतो. अँजिओग्राफीचं खरं राज्य इथे. तसंच ट्रेडमिलवर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच ईसीजी बिघडला, रक्तदाब चढण्याऐवजी पडला, हृदयाचा पंप कमजोर निघाला किंवा औषधं घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर आधी सीटी करत बसण्यात अर्थ नाही.

काकांची ट्रेडमिल नवव्या मिनिटाला पॉझिटिव्ह झाली होती, पंप चांगला होता. त्यांनी सीटी केली. एलएडीच्या मधल्या भागात मध्यम अडथळा, बाकी ठिकाणी भिंतीत विखुरलेला साठा, लेफ्ट मेन स्वच्छ. डॉक्टरांनी स्टॅटिन वाढवलं, बीटा ब्लॉकर सुरू केला, साखरेवरून बोलणी बसली आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. दुखणं राहिलं तर अँजिओग्राफी आणि ती दाबाची तार. सोसायटीनं कोअर मात्र काढले, यूपीव्हीच्या आकड्यांत दोन पिलर संशयास्पद निघाले म्हणून.

काकांनी रिपोर्ट प्लॅस्टिकच्या फायलीत लावला आणि त्यासोबतची सीडी देव्हाऱ्याच्या मागे ठेवली. ती फेकू नका, असं मी त्यांना बजावलं आहे. पुढच्या वेळी डॉक्टर तुलना करतील ती आधीच्या चित्रांशी. रिपोर्टमधल्या '५० ते ६० टक्के' या शब्दांवरून धमनीत काय बदललं ते कळत नाही. अडचण एवढीच आहे की आता घरातल्या कोणाच्याही लॅपटॉपला सीडी घालायची फट नाही. तळमजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत विचारून झालं. शेवटी नातवानं स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली.